नटाचा सूड

नट आणि नाट्यसमीक्षक यांचे वैर फार जुने. नटाची कला पडदा पडताच विरून जाते. तिच्याविषयी लिहिलेला कठोर शब्द मात्र छापून राहतो. या विषम न्यायावर बेतलेला 'थिएटर ऑफ ब्लड' हा इंग्रजी चित्रपट १९७३ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते डग्लस हिकॉक्स. त्यात भय आणि हास्य हातात हात घालून वावरतात.

एडवर्ड लायनहार्ट हा शेक्सपिअरवाचून अन्य दैवत न मानणारा जुन्या वळणाचा नट. वर्षातील श्रेष्ठ नटाचे पारितोषिक आपलेच, अशी त्याची खात्री असते. लंडनचे समीक्षक ते एका नवख्याला देतात. अपमानाने पेटलेला लायनहार्ट त्यांच्यादेखत थेम्स नदीत उडी घेतो. जग त्याला मेलेला समजते. पण नदीकाठचे भणंग त्याला वाचवितात. पुढे तो एकेका समीक्षकाला गाठतो, आणि प्रत्येकाचे मरण शेक्सपिअरच्या एकेका नाटकातून उचलतो. एकजण ज्यूलियस सीझरप्रमाणे १५ मार्च रोजी अनेकांच्या सुऱ्यांना बळी पडतो. दुसरा मद्याच्या पिंपात बुडतो. 'झुंझारराव' नाटकामुळे मराठी रसिकांना परिचित झालेला ऑथेल्लोचा मत्सरही येथे एका घराचा घात करतो. शायलॉकला न मिळालेले रत्तलभर मांस तर लायनहार्ट मूळ नाटक बदलून वसूल करतो!

यातले पुष्कळसे इंग्लिश रंगभूमीला नवे नव्हते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात टॉमस किडने 'स्पॅनिश ट्रॅजेडी'त पुत्रशोकाने पिसाट झालेल्या पित्याकडून नाटकाच्या प्रयोगातच खऱ्या शस्त्राने सूड घेवविला होता. शेक्सपिअरचे 'टायटस अँड्रॉनिकस' त्याच परंपरेतले. मूळ संहिता बदलण्याची खोडही जुनीच. नाहुम टेटने १६८१ साली 'किंग लिअर' सुखान्त केले, आणि सुमारे दीडशे वर्षे रंगभूमीवर त्याचीच सत्ता चालली.

लायनहार्टची भूमिका व्हिन्सेंट प्राइस या अमेरिकन नटाने केली. १९३५ साली लंडनच्या रंगभूमीवर राजपुत्र आल्बर्ट साकारणाऱ्या या गुणी नटावर १९५३ च्या 'हाउस ऑफ वॅक्स'नंतर भयपटांचा शिक्का बसला. शेक्सपिअरची भाषणे मनमुराद म्हणण्याची संधी त्याला या चित्रपटाने दिली. त्यामुळे त्याच्या भडक अभिनयामागे उपेक्षित कलावंताची व्यथा जाणवते.

तरीही चित्रपट सूडाची बाजू घेत नाही. अखेरीस डेव्हलिन हा समीक्षक लायनहार्टच्या तावडीत सापडतो. पारितोषिक दे, नाहीतर डोळे फोडतो, अशी धमकी मिळूनही तो आपला निर्णय बदलत नाही. जळत्या नाट्यगृहाच्या छपरावर लिअरप्रमाणे मृत कन्येला उचलून धरणारा लायनहार्ट ज्वाळांत कोसळतो, तेव्हाही डेव्हलिन त्या अभिनयाचे परीक्षणच करतो: अतिरंजित, पण एक्झिट मात्र उत्तम! भीतीने मिळविलेली स्तुती ही स्तुतीच नव्हे, हे त्या समीक्षकाला ठाऊक होते. नटाला ते अखेरपर्यंत उमगले नाही, आणि हीच त्याची खरी शोकांतिका होय.