रोझीची नलिनी, वहिदाची वहिदाच

वहिदा रहमान मुंबईत आल्या तेव्हा त्यांचे वय सतरा-अठराचे. वडील सरकारी अधिकारी होते, ते आधीच वारलेले. 'सी.आय.डी.'च्या (१९५६) करारावेळी नाव बदलण्याचा आग्रह झाला. दिलीपकुमार, मधुबाला, मीनाकुमारी यांनी बदललेच होते की! या मुलीने मात्र ठाम नकार दिला. वर न आवडणारा पोशाख घालणार नाही, अशी अटही घातली. २०२३ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार जाहीर झाला, तो त्याच नावाला. रोज हजेरी घेणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

अशी नाव जपणारी बाई पडद्यावर कोण झाली? समाज ज्यांचे नाव घ्यायला कचरतो, त्या बायका. 'प्यासा'तली (१९५७) गुलाबो रद्दीत गेलेली शायरी विकत घेते. 'मुझे जीने दो'मधली (१९६३) चमेलीजान आणि 'तीसरी कसम'मधली (१९६६) हिराबाई या नाचगाण्यावर जगणाऱ्या. पण या तिघी उंबऱ्याबाहेरच्याच. प्रेक्षक त्यांच्यासाठी हळहळतो आणि निर्धास्त घरी जातो.

'गाइड'मधली (१९६५) रोझी मात्र लग्नाची बायको. देवदासीची मुलगी, इज्जतीसाठी वयस्क संशोधक मार्कोला दिलेली. त्याच्या घरात नृत्याला जागा नाही. आर. के. नारायण यांच्या कादंबरीत राजूशी असलेले संबंध कळल्यावर मार्कोच तिला टाकून निघून जातो. विजय आनंद यांच्या चित्रपटात रोझी स्वतः नवऱ्याला सोडते. हे धाडस खरेच. पण त्यासाठी मार्कोला बाईलवेडा दाखवावे लागले. नवरा बदफैली नसता, तर तिला माफी मिळाली नसती काय? केवळ नाचायचे आहे म्हणून घर सोडणारी बायको त्या काळी कुणाला पचली असती? ही तडजोड मला आजही खटकते.

वहिदांनी ती अभिनयाने बरीचशी पुसून टाकली आहे. चितोडगडावर घुंगरू बांधून धावणारी रोझी पाहा. त्या चेहऱ्यावर प्रियकर मिळाल्याचा आनंद कमी आणि पाय मोकळे झाल्याचा जास्त आहे.

पुढे राजू तिला रंगमंचावर आणतो, तेव्हा पहिल्यांदा काय बदलतो? तिचे नाव. रोझीची 'मिस नलिनी' होते. नाव गाजते, पैसा येतो, हिशेब राजूकडे जातो. शेवटी मार्कोकडून दागिन्यांचा कागद येतो, तेव्हा राजू तिला न विचारता त्यावर तिची खोटी सही करतो.