भाषेच्या पोटातील भाषा : ब्राउझर-संहितेची निर्मिती आणि अवतरणाची सीमा

एका भाषेच्या संहितेत दुसरी भाषा येते तेव्हा ती कोणत्या नात्याने येते, हा तौलनिक साहित्याभ्यासाचा जुना प्रश्न आहे. बेंगळुरूमध्ये तो पावलोपावली भेटतो. राजाजीनगरचे मेट्रो स्थानक २०१४ साली सुरू झाले. या मेट्रोच्या फलकांवर कन्नड आणि इंग्रजीच्या शेजारी हिंदीही होती. २०१७ साली तिच्यावरून वाद पेटला आणि ती हटवण्यात आली. फलकावरील भाषा एकमेकींच्या शेजारी उभ्या असतात, कोणी कोणाच्या पोटात नसते. म्हणूनच एक भाषा पुसली तरी दुसरीचे वाक्य मोडत नाही.

याच शहरात सतराव्या शतकात याहून निराळे नाते घडले. शहाजीराजांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये यांचा 'राधामाधवविलासचंपू' हा ग्रंथ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली संपादून प्रसिद्ध केला. त्याची चौकट संस्कृतची असून तिच्यात अनेक देशी भाषांतील रचना सामावलेल्या आहेत. येथे संस्कृत ही यजमान भाषा आहे आणि इतर भाषा तिने दिलेल्या जागी बोलतात.

प्रस्तुत लेखात तिसऱ्या एका नात्याचा विचार करावयाचा आहे. संगणकीय भाषांच्या इतिहासात साधारणतः १९९५ नंतर असा प्रसंग उभा राहिला, की यजमान भाषेत लिहिलेल्या संहितेला दुसऱ्या भाषेतील संहिता निर्माण करून दूर अंतरावर पाठवावी लागली. ही दुसरी संहिता जेथे लिहिली जाते तेथे वाचली जात नाही. जेथे वाचली जाते तेथे तिचा लेखक हजर नसतो. आपल्या अभ्यासविषयाला हा प्रसंग वाटतो तितका परका नाही.

१९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. ब्राउझरमध्ये स्कीम ही लिस्प-कुळातील भाषा आणावयाची, या अपेक्षेने त्यांना बोलावण्यात आले होते. परंतु नवी भाषा जावासारखी दिसली पाहिजे असा व्यवस्थापनाचा आग्रह पडला. अशा रीतीने तिचा अंगरखा जावाचा आणि स्वभाव बराचसा स्कीमचा झाला. वाचकाच्या यंत्रावर चालणारी भाषा ही एवढीच उरली. सर्व्हरवर मात्र पर्ल, पीएचपी, जावा, रुबी, लिस्प अशा अनेक भाषा नांदत होत्या. सर्व्हरवरील आज्ञावली जावास्क्रिप्टची वाक्ये अक्षरांच्या तुकड्यांतून जुळवीत असे आणि पानाबरोबर धाडून देत असे. यजमान भाषेच्या लेखी ती वाक्ये भाषाच नव्हती, केवळ अक्षरांची माळ होती.

या पद्धतीतील धोका एका नावावरून ध्यानात येईल. मंगळूर-गोव्याकडील आणि बेंगळुरूतीलही डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना 'डि' नंतर एक वरचे स्वल्पचिन्ह देतात. जावास्क्रिप्टमध्ये नेमके तेच चिन्ह अवतरणाची सुरुवात आणि शेवट दाखविते. सर्व्हरने हे आडनाव जसेच्या तसे वाक्यात बसविले की ब्राउझरच्या लेखी अवतरण 'डि' पाशी संपते आणि 'सोझा' हे अक्षर-समूह आज्ञा म्हणून वाचले जाऊ लागतात. प्रामाणिक माणसाच्या बाबतीत पान मोडते, इतकेच. परंतु कोणी मुद्दाम नावाच्या जागी आज्ञा लिहिली, तर ती दुसऱ्याच्या यंत्रावर सर्व्हरच्या अधिकाराने चालते. २००० साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील सर्ट या केंद्राने या धोक्याविषयी सूचनापत्र काढले. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळावर एका तरुणाने आपल्या परिचयाच्या पानात पेरलेली आज्ञा एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांत पसरली. मूळ चूक व्याकरणाची होती : उद्धृत केलेला शब्द कोठे संपतो आणि स्वतः बोलणारा कोठे सुरू होतो, याचा निवाडा झालेला नव्हता.

हा निवाडा भारतीय व्याकरणपरंपरेने फार पूर्वी केलेला आहे. लोकव्यवहारात शब्द आपला अर्थ सांगतो आणि 'इति' जोडल्यावर स्वतःच्या रूपाकडे बोट दाखवितो. व्याकरणशास्त्रात मात्र, पाणिनीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील अडुसष्टाव्या सूत्रानुसार, पारिभाषिक संज्ञा वगळता शब्द आपल्या रूपाचाच बोधक असतो. भाषेविषयी भाषेतच बोलावयाचे तर उल्लेख आणि वापर यांतील सीमा नियमाने आखावी लागते, ही जाण त्यामागे आहे. आधुनिक तर्कशास्त्रात क्वाइन यांनी १९४० साली एक अर्ध-अवतरण सुचविले : त्यातील बाकीचा मजकूर उद्धृत राहतो, पण ठरावीक जागी बाहेरचे मूल्य भरता येते. जॉन मॅकार्थी यांच्या १९६० च्या लिस्पविषयक निबंधात अवतरणाची क्रिया भाषेचे मूळ अंग म्हणून आलेली आहे. पुढे लिस्पने अर्ध-अवतरणही आत्मसात केले.

म्हणून ब्राउझर-संहितेच्या प्रश्नाला लिस्प-परंपरेतून उत्तर मिळावे हे स्वाभाविक होते. पॉल ह्यूडॅक यांनी १९९६ साली विशिष्ट क्षेत्रासाठीच्या अंतर्भूत भाषांची कल्पना मांडली होती. नवी भाषा शून्यापासून रचण्याऐवजी ती यजमान भाषेच्या व्याकरणातच वसवावी आणि यजमानाची साधने तिला फुकट मिळावीत, हे तिचे सार. २००५ साली मानुएल ओडेंडाल यांनी कॉमन लिस्पसाठी पॅरेनस्क्रिप्ट रचली. तिच्यात जावास्क्रिप्टची वाक्ये लिस्पच्या कंसांत लिहिली जातात. ती अक्षरांची माळ न राहता वाक्यवृक्ष होतात आणि अगदी शेवटी त्यांचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होते. डिसोझांचे नाव आता वृक्षाचे एक पान असते. त्यातील चिन्ह वाक्य फोडू शकत नाही, कारण अवतरणाची सीमा अक्षरांनी नव्हे, रचनेने राखलेली असते.

२००६ साली फ्रान्समधील इन्रिया संस्थेत मानुएल सेरानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सादर केलेली हॉप ही भाषा आणखी स्पष्ट बोलते. तिच्यात टिल्ड या चिन्हाने सुरू होणारा भाग ब्राउझरसाठी राखलेला असतो. त्या भागात डॉलर चिन्हामागे आलेले पद सर्व्हरवर आधीच सिद्ध होऊन तेथे बसते. 'हे तेथे म्हणावयाचे' आणि 'यातील एवढे येथेच ठरवून पाठवावयाचे', असे भेद दोन खुणांनी व्यक्त होतात. अशा भाषेच्या रचनाकारापुढे मग खरा प्रश्न उरतो तो सीमेवरून काय नेता येईल हा. संख्या, नाव, यादी यांचा प्रवास होऊ शकतो. सर्व्हरवर उघडलेला माहितीसाठा उचलून ब्राउझरमध्ये नेता येत नाही.

त्याच वर्षी उलट दिशेचेही प्रयत्न झाले. गूगलच्या वेब टूलकिटने सारे काही जावातच लिहू दिले आणि जावास्क्रिप्ट लेखकाच्या नजरेआड केली. सर्व्हरशी होणारा संवाद मात्र वेगळा ठेवला. एडिंबरा येथे फिलिप वॉडलर आणि सहकाऱ्यांनी रचलेल्या लिंक्समध्ये कोणते कार्य कोठे चालावे याची खूण केली की पुढे हाक मारण्याची रीत एकच राहते. येथे तीन सीमा वेगळ्या केल्या पाहिजेत : भाषेची, स्थळाची आणि काळाची. पहिली पुसता येते. दुसरी-तिसरी नजरेआड करता येते, पण मिटवता येत नाही. वाट लांब असते, दूरचे यंत्र मुके होऊ शकते. जिम वॉल्डो आणि सहकाऱ्यांनी १९९४ सालीच हा इशारा देऊन ठेवला होता.

भाषेची सीमा पुसण्याचीही किंमत असते. ब्राउझरमध्ये चूक घडली की तक्रार जावास्क्रिप्टच्या ओळींत येते आणि त्या ओळी कोणा माणसाने लिहिलेल्याच नसतात. आपल्या ग्रंथाच्या भाषांतरावरील आक्षेप लेखकाला त्याला न येणाऱ्या भाषेत ऐकावे लागावेत, तशी ही अवस्था. पुढे यासाठी 'सोर्स मॅप' आले : निर्मित संहितेतील कोणते पद मूळ संहितेच्या कोणत्या स्थळाहून आले हे सांगणारी नोंद. आपल्या परिभाषेत ती पदशः टीकाच होय. मूळ दडविणाऱ्या भाषांतराला अखेर टीकेची गरज भासली.

नंतरचा क्रम थोडक्यात असा. रुबी ऑन रेल्समध्ये रुबीतूनच जावास्क्रिप्ट घडविणारी आरजेएस नावाची सोय होती. २०११ च्या आवृत्तीत ती गाभ्यातून वगळण्यात आली. २००९ साली आलेल्या नोडमुळे सर्व्हरवरही जावास्क्रिप्ट चालू लागली आणि दोन भाषांचा प्रश्नच संपला असे अनेकांना वाटले. परंतु डिसेंबर २०२० मध्ये रिअ‍ॅक्टने सर्व्हरवर चालणारे घटक मांडले आणि पुढे फाइलच्या माथ्यावर 'यूज क्लायंट' अशी एक ओळ लिहिण्याची पद्धत रूढ झाली. अर्थ इतकाच, की येथून पुढचे तेथे बोलले जाईल. ही ओळ अवतरणचिन्हांत लिहिलेला शब्द असते, हा योगायोग असला तरी बोलका आहे. भाषा एक झाली तरी 'इति' ची गरज उरली.

जयराम पिंड्ये यांच्या चंपूशी या इतिहासाचे साम्य ताणू नये. तेथे सर्व भाषा एकाच दरबारात ऐकल्या जात होत्या. येथे दुसऱ्या भाषेचा श्रोता लेखकाला कधीच दिसत नाही. पण म्हणूनच चंपूतील एक गोष्ट येथे अधिकच लागू पडते : त्यात भाषा बदलल्याचे वाचकापासून लपविलेले नाही, शिवण उघडी आहे. दूरच्या माणसाच्या यंत्रावर आपले शब्द आज्ञा म्हणून चालणार असतील, तर त्यांतील कोणते आपले आणि कोणते परक्याचे केवळ उद्धृत केलेले, हे सांगण्याची जबाबदारी लिहिणाराची आहे. अंतर्भूत भाषेचा गुण ती ही शिवण किती सफाईने लपविते यावर ठरत नाही. ती चुकणार नाही अशा जागी आणि दिसेल अशा रीतीने घालते का, यावर ठरतो.