नखाएवढा शिलालेख

जुने लेख वाचण्याची विद्या नागपूरला नवी नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे ताम्रपट आणि शिलालेख अक्षर अक्षर लावून वाचले. त्यांचा ग्रंथ १९६३ मध्ये निघाला. नंतर कोणी काहीही सांगो, तांब्यावर कोरले ते कोरले.

आजचा शिलालेख नखाएवढा आहे. सिलिकॉनवर कोरलेली संगणकाची चिप! तीही वाचणारे लोक आहेत. ते चिपचे आवरण उघडतात, धातूचे थर एकेक करून उतरवतात, सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेतात आणि कोणता ट्रान्झिस्टर कुठे जोडला आहे, याचा नकाशा तयार करतात. १९७५ च्या '६५०२' या चिपमधले सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर २०१० पर्यंत असेच वाचून झाले.

पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचे नाव ज्या चिपशी जोडले जाते, ती इंटेलची पेंटियम १९९३ मध्ये आली. तीत ट्रान्झिस्टर होते ३१ लाख. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या अमेरिकी गणिताच्या प्राध्यापकांना दिसले की, काही भागाकार चुकतात. भागाकारासाठी चिपमध्ये एक कोष्टक कोरलेले असते. त्यातल्या पाच नोंदी गळाल्या, असे कंपनीने सांगितले. चिपा बदलून देण्यापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड बसला.

तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, केन शिरिफ यांनी तीच चिप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गळालेल्या नोंदी निघाल्या सोळा! त्यातल्या पाचच उत्तर बिघडवत होत्या. उरलेल्या अकरा निरुपद्रवी.

मी बी.ए. झालेला कवी, गणित माझे नव्हे. पण उर्दूत नुक्ता वरचा खाली गेला की 'खुदा'चा 'जुदा' होतो, हे मी जाणतो. म्हणून रिकाम्या जागेची किंमत मला कळते.

आज बँकेचा हिशेब आणि दवाखान्यातले यंत्र दोन्ही चिपवर चालतात. त्या आपण विश्वासावर वापरतो. विश्वास असावाच, पण पडताळा पाहण्याची वाटही मोकळी हवी. चिपच्या आराखड्याला संरक्षण देणाऱ्या आपल्या २००० सालच्या कायद्याने विश्लेषण, संशोधन आणि अध्यापन यांसाठी ती वाट खुली ठेवली आहे. नक्कल करणे वेगळे आणि वाचणे वेगळे, हा भेद त्यात आहे.

ताम्रपट वाचणारे आपल्याकडे घडले. चिप वाचणारी मुलेही आपल्या महाविद्यालयांतून घडावीत.