सव्वादोन किलोमीटरचा लाकडी थरार

१४ एप्रिल १९७९

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, सिनसिनाटीजवळच्या ‘किंग्ज आयलंड’ उद्यानात ‘द बीस्ट’ हा लाकडी रोलर कोस्टर लोकांसाठी खुला झाला. लांबी ७,३५९ फूट, फेरी चार मिनिटांहून अधिक. जगातील सर्वांत लांब लाकडी रोलर कोस्टरचा मान त्याने पटकावला आणि आजही तो त्याच्याकडेच आहे.

उंचीचे आणि वेगाचे विक्रम या क्षेत्रात सतत मोडतात. लांबीचा हा विक्रम टिकला, याचे मोठे श्रेय जमिनीला द्यायला हवे. उद्यानाच्याच अल कॉलिन्स आणि जेफ ग्रॅम्के यांनी बाहेरच्या कंपनीवर न सोपवता उद्यानातच आराखडा केला आणि रूळ दाट झाडीतून, टेकाडांच्या कलाने नेले. म्हणूनच उंची ११० फूट असताना गाडी एके ठिकाणी १४१ फूट खाली झेपावते. उरलेली खोली उताराच्या जमिनीने दिली. पहिल्याच उतारावर गाडी थेट बोगद्यात घुसते. पुढचे वळण झाडांआड असल्याने बसणाऱ्याला अंदाजच बांधता येत नाही. एवढी मोकळी, चढउताराची जागा आज किती उद्यानांकडे असेल?

शिवाय लाकूड जपावे लागते. ऊनपावसात ते फुगते, आक्रसते. दर हंगामात डागडुजी आलीच. २०२२च्या हंगामासाठी सुमारे दोन हजार फूट मार्ग नव्याने घडवला गेला, पहिला उतार अधिक तीव्र झाला. विक्रमी लांबी मात्र घटली नाही, उलट दोन फुटांनी वाढली.