घनकचरा विल्हेवाट : देशोदेशींच्या पद्धती

घरे व बाजारपेठांतून निघणारा कचरा पुरणे, जाळणे किंवा निवडून पुन्हा वापरात आणणे, या विल्हेवाटीच्या तीन मुख्य वाटा. ओल्या कचऱ्याचे खत तिसरीत मोडते. कोणता देश कोणती वाट धरतो, हे लोकांच्या टापटिपीपेक्षा जमीन आणि कायदा यांवर अधिक ठरते.

अमेरिकेत जमीन मुबलक असल्याने पुरणे स्वस्त पडते. २०१८ मध्ये तेथील सुमारे निम्मा नागरी कचरा जमिनीत गेला. जपानमध्ये तेवढी जागा नाही, त्यामुळे बहुतांश कचरा जाळतात. पण भट्टी आपल्या दाराशी कोणालाच नको असते. टोकियोत इतर प्रभागांचा कचरा कोतो प्रभागातून वाहून समुद्रकाठच्या भरावावर टाकला जाई. दुर्गंधी आणि माश्यांनी तेथील रहिवासी हैराण झाले होते, तर सुगिनामी प्रभागातील लोक स्वतःकडे भट्टी होऊ देत नव्हते. १९७१ मध्ये राज्यपाल र्‍योकिची मिनोबे यांनी ‘कचरायुद्ध’ जाहीर केले. पुढे कोतोने सुगिनामीच्या गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे ज्याचा कचरा त्याने निस्तरावा हे तत्त्व रुजले. सुगिनामीतही अखेर भट्टी झालीच.

जर्मनीने जून २००५ पासून प्रक्रिया न केलेला घरगुती कचरा पुरण्यास मनाई केली. स्वीडन कचरा जाळून घरे तापवतो आणि त्यासाठी परदेशांतूनही कचरा घेतो. दक्षिण कोरियात १९९५ पासून ठरावीक पिशवी विकत घेऊनच कचरा टाकावा लागतो. जितका कचरा, तितका खर्च. सिंगापूर जाळल्यानंतरची राख सेमाकाऊ बेटाच्या भरावात टाकते.

कैरोत जब्बालीन समाज पिढ्यान्‌पिढ्या दारोदार कचरा गोळा करतो आणि त्यातले खरकटे डुकरांना घालत आला. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या धास्तीने सरकारने डुकरे मारली आणि खरकटे रस्त्यांवर साचले. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलते. मुंबईच्या देवनार क्षेपणभूमीवर मात्र १९२७ पासून ढीग रचले गेले.

पुनर्वापराच्या टक्केवारीवरून देशांची क्रमवारी लावणे फसवे आहे. अनेक श्रीमंत देश बाहेर पाठवलेले प्लास्टिकही पुनर्वापरात धरत. २०१८ मध्ये चीनने असा बहुतेक माल नाकारला, तेव्हा तो मलेशियासारख्या देशांकडे वळला.