पात्याच्या बुडाशी दहा ठिपके

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ब्रॅडफर्ड नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या ‘डब्ल्यू. आर. केस अँड सन्स’ या कारखान्याने 1970 साली आपल्या घडीच्या चाकूंवर एक बारीकसा बदल केला. पातं मुठीत जिथे शिरतं त्या बुडावर कारखान्याचं नाव ठोकलेलं असे. त्या नावाखाली आता दहा ठिपके आले. 1971 मध्ये नऊ, 1972 मध्ये आठ, असा दर वर्षी एक ठिपका कमी होत 1979 मध्ये एकच उरला. 1980 साली पुन्हा दहापासून मोजणी सुरू झाली, आणि नावातला ‘एस’ विजेच्या आकाराचा झाला, म्हणून दोन्ही दशकांतले चाकू वेगळे ओळखता येतात. चाकू कोणत्या वर्षीचा हे कळावं, एवढीच ती सोय होती. तरीही आज ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून भारी किमतीला विकल्या जाणाऱ्या चाकूंचं मूळ शोधताना मी याच ठिपक्यांपाशी येऊन थांबतो.

ठिपक्यांआधी पाच वर्षं याच जागी ‘केस एक्सएक्स यू.एस.ए.’ असा शिक्का होता. त्याआधी सुमारे पंचवीस वर्षं नुसतंच ‘केस एक्सएक्स’, आणि त्याही आधी ‘केस टेस्टेड एक्सएक्स’. पाती कडक करण्याच्या भट्टीतून माल एकदा गेला की एक फुली, दुसऱ्यांदा गेला की दुसरी, अशी या जोडफुलीची हकिगत कारखान्यात सांगितली जाते. हे शिक्के कोणी जपण्यासाठी मारत नव्हतं. पण ठिपके आले आणि जुना शिक्का आता पुन्हा निघणार नाही हे शौकिनांच्या लक्षात आलं. तेव्हा हार्डवेअरच्या दुकानांत फळ्यांवर लावून ठेवलेले केसचे चाकू फळीसकट उचलले जाऊ लागले.

त्याला आणखी एक कारण होतं. 1968 च्या बंदूक नियंत्रण कायद्यामुळे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात टपालाने बंदुका पाठवण्याचा सामान्य माणसाचा मार्ग बंद झाला. जुन्या बंदुकांची देवघेव करणारे बरेच जण चाकूंकडे वळले, असं संग्राहक सांगत आले आहेत, आणि मला ते पटतं. चाकू खिशात मावतो, टपालाने जातो, आणि त्यातही साल, शिक्का, मूठ, पातं यांचा तितकाच बारीक अभ्यास करता येतो.

केसच्या चाकूंवर तर तो अभ्यास आकड्यांतच ठोकलेला असे. 6254 हा आकडा घ्या. यातला 6 म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची मूठ, 2 म्हणजे दोन पाती, आणि 54 म्हणजे ‘ट्रॅपर’ हा घाट. तोच चाकू शिंगाच्या मुठीत आला की 5254. घाट तोच असला तरी मूठ, शिक्का आणि ठिपके बदलले की संग्राहकाच्या लेखी चाकू वेगळा. त्यामुळे कारखान्याच्याही ध्यानीमनी नसताना शेकडो वाण तयार झाले होते.

मग कारखान्यांच्या आणि क्लबांच्या लक्षात आलं की हे मुद्दाम करता येईल. नॅशनल नाइफ कलेक्टर्स असोसिएशन 1972 मध्ये स्थापन झाली, आणि काही वर्षांतच सभासदांसाठी दर वर्षी एक खास चाकू काढण्याचा पायंडा पडला. 1976 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, तेव्हा स्मृतिचाकूंचा पूरच आला. केसने शिंगाच्या मुठी रोजच्या उत्पादनातून काढून खास संचांसाठी राखल्या. 1977 मध्ये पात्यावर निळी नक्षी असलेला संच आला, 1978 मध्ये लाल नक्षीचा, आणि 1979 मध्ये ब्रॅडफर्डच्या शताब्दीचा.

या चाकूंची किंमत सार्थ आहे का, या प्रश्नाची गाठ माझ्या मते इथेच आहे. पन्नाशीच्या दशकातला साधा ट्रॅपर शेतकऱ्याच्या, फासेपारध्याच्या खिशात गेला. त्याने दोर कापले, कातडी सोलली, दगडावर घासून घासून त्याचं पातं अर्धं झालं, आणि एके दिवशी तो गवतात पडून हरवला. हजारांतले मोजकेच कुठल्या तरी दुकानाच्या खणात विसरले गेले, म्हणून ते कोरे राहिले. त्यांचा दुर्मीळपणा वापरातून आलेला आहे. स्मृतिचाकू मात्र दुकानातून निघाला तो थेट कपाटात गेला. पाच हजार काढले असतील तर पन्नास वर्षांनीही जवळपास पाच हजार कोरेच, मूळ डब्यासह आणि प्रमाणपत्रासह. विकायला निघालेल्या माणसाला प्रत्येक वेळी आपल्यासारखेच दहा विक्रेते भेटतात. पात्यावर ठोकलेला अनुक्रमांक किती काढले ते सांगतो. किती उरले हे तो सांगत नाही, आणि भाव ठरतो तो उरलेल्यांवर.

स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचंच पाहा. कार्ल एल्सनर यांनी 12 जून 1897 रोजी अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली. दोनच स्प्रिंगांवर सहा अवजारं बसवण्याची त्यांची युक्ती आजही बघत राहावी अशी आहे. त्याला 125 वर्षं झाली म्हणून 2022 मध्ये कंपनीने त्या चाकूची हुबेहूब प्रतिकृती काढली, एकूण 9,999 नग. जुन्या कारागिरीचा तो घाट हाताळायला मिळावा म्हणून कोणी पैसे मोजले, तर मी त्याला मनापासून दाद देईन. त्या युक्तीपुढे रक्कम मोठी वाटत नाही. पण हा चाकू पुढे दुप्पट भावाने जाईल या हिशेबाने घेणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं, की त्या 9,999 मधला एकही कोणी नदीकाठी विसरून येणार नाही.

डब्यात जपलेलंही टिकतंच असं नाही. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी काळाबरोबर विघटित होतात आणि त्यांतून आम्लयुक्त वाफ निघते. ती शेजारच्या चाकूंची पातीसुद्धा खाते. म्हणून जाणते संग्राहक अशा मुठींचे चाकू वेगळे आणि हवेशीर जागी ठेवतात. कातडी म्यानातही चाकू ठेवून देत नाहीत, कारण कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला डाग पाडतात.

शिंगाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती आपल्या देशापर्यंत येते. शेफील्डच्या आणि अमेरिकेतल्या कारागिरांना मुठीसाठी सगळ्यांत आवडायचं ते भारतातल्या सांबराचं शिंग. ताडोबा-मेळघाटात आपण पाहतो तेच हे सांबर. नर दर वर्षी शिंगं टाकतो आणि ती पुन्हा उगवतात. हे शिंग आतून भरीव असतं, मधला सच्छिद्र गाभा कमी, त्यामुळे जाड पट्ट्या निघतात आणि वरची तपकिरी खडबडीत साल शाबूत राहते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस भारताने शिंगांच्या निर्यातीवर बंदी घातली. टाकलेल्या शिंगांच्या आडून शिकार चालू राहू नये, यासाठी ती रास्तच होती. त्यानंतर कारागिरांना एल्क आणि रेड डिअरच्या शिंगांवर भागवावं लागलं, आणि जुन्या सांबरशिंगी मुठींना कोणत्याही जाहिरातीशिवाय भाव आला.

म्हणून 1977 च्या निळ्या नक्षीच्या संचाचा सौदा करताना मुरलेला गिऱ्हाईक नक्षी आणि डबा शेवटी पाहतो. आधी तो प्रत्येक मूठ उजेडात धरतो, रिव्हेटपाशी केसाएवढा तडा गेलाय का ते बघतो, आणि शिंग आकसून पितळी पट्टीच्या कडेपासून मागे सरकलंय का, हे नखाने चाचपतो.