करोडगिरी : बंदुकीवरचा कर कोणत्या मुलखाचा?

१/ नांदेड जिल्ह्यातील नायगाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. बाहेरून येणाऱ्या मालावर संस्थान सीमेवर जकात घेई. त्या खात्याचे नाव ‘करोडगिरी’.

२/ खरेदी मुंबईच्या पेढीत झाली, तरी माल जेथे पोचे तेथील सरकार आपला वाटा मागे. कापड असो वा काडतूस, नाका चुकत नसे.

३/ १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात हेच नाके सशस्त्र स्वातंत्र्यसैनिकांचे लक्ष्य ठरले. नाका हा निजामी सत्तेचा सर्वांत जवळचा चेहरा होता. तो जळाला की धाकही ओसरे.

४/ याच काळात भारताने संस्थानाची शस्त्ररसद रोखली. तेव्हा सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून विमानांनी शस्त्रे आणली. प्रजेची गाठोडी तपासणारी राजवट स्वतः मात्र आकाशातील चोरवाट धुंडाळत होती.

५/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. करोडगिरी मात्र लगेच संपली नाही. १९५० मध्ये हैदराबाद राज्यात विक्रीकराचा कायदा आला; नाक्यावरचा कर हळूहळू दुकानाच्या पावतीवर सरकला.

६/ मग प्रश्न उरला : एका राज्यात विकलेला माल दुसऱ्या राज्यात गेला, तर कर कोणाचा? १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याने तो विकणाऱ्या राज्याकडे ठेवला. २०१७ च्या जीएसटीने तो माल वापरणाऱ्या राज्याकडे वळवला.

७/ म्हणजे करोडगिरीचे तत्त्व परतले. नाका परतला नाही. बंदुकीला मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे आजही परवाना लागतो. कर भरल्याने तो हक्क मिळत नाही.